आईनं सांगितलेला आकडा

भावाच्या लग्नाचा बायोडाटा मी माझ्या हातानं टाईप केला, आणि ज्यांनी पुढं आम्हाला कोर्टात खेचलं त्यांच्या हातात तो मीच नेऊन दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात मला याबद्दल कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडखोर बाई आहे. कुणी बोललं की मला उलट बोलता येतं. कुणी गप्प बसलं की माझी पंचाईत होते.

आमची खोली नगरच्या जुन्या भागात, एका धर्मादाय ट्रस्टच्या इमारतीत होती. कुणा धान्याच्या व्यापाऱ्यानं फार पूर्वी कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठी ती बांधली आणि ट्रस्ट करून ठेवला. दोन मजले, चोवीस खोल्या. भाडं इतकं कमी की बाहेर सांगितलं तर लोकांना थट्टा वाटायची. अट एकच होती. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ट्रस्टनं ठरवलेल्या हद्दीच्या आत पाहिजे. ही हद्द अधूनमधून वाढायची. मी सांगतेय त्या वेळी ती तीन लाख होती. दर एप्रिलमध्ये उत्पन्नाचा सरकारी दाखला काढून ट्रस्टच्या ऑफिसात द्यायचा, की पुढचं वर्ष कुणी विचारायचं नाही.

दाखल्यासाठी फॉर्म भरून देणारा एक माणूस आम्हा सगळ्यांचा ठरलेला होता. तो मान वर न करता विचारायचा, "किती टाकू?" आपण सांगायचं, तो टाकायचा, खाली आपण सही करायची की वरील मजकूर खरा आहे. आमच्या इमारतीत कुणाला यात काही पाप वाटायचं नाही. वरच्या मजल्यावर एसी बसला, खाली जिन्याशेजारी बुलेट उभी राहिली, पण कागदावर चोवीसच्या चोवीस खोल्या वर्षानुवर्षं गरीबच राहिल्या. आमचा आकडा दोन लाख. भाऊ कामाला लागला तरी दोन लाखच.

माझे वडील टेम्पो चालवायचे. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात जमीन होती ती नुसती सांगायला, पाऊस पडला तर पडला. म्हणून ते आईला घेऊन नगरला आले आणि त्यांना ही खोली मिळाली. भाऊ दहावीत असताना ते गेले. माझं नुकतंच लग्न होऊन मी सावेडीत आले होते. आईनं आजूबाजूच्या गल्ल्यांत पोळ्यांची कामं धरली. सकाळी दोन घरं, संध्याकाळी एक. गुडघे दुखतात म्हणून लांबचं काम ती घ्यायचीच नाही. खोलीपासून हाकेच्या अंतरावर जेवढं मिळेल तेवढंच. म्हणजे ती खोली नुसतं छप्पर नव्हती. ती गेली की आईचं कामही जाणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनवर लागला. कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा माणूस म्हणून. काम तेच, कपडे तेच, फक्त पगार निम्मा. हातात तेवीस हजार. पोरगं सरळ. कधी मावा खाल्ला नाही की पत्ते खेळला नाही. पण एकतिशी आली तरी लग्न जमेना. मुलीकडचे फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, "पॅकेज किती?" तेवीस हजार म्हटलं की, "बरं, कळवतो." कुणी कळवायचं नाही. दोन वर्षं हे चाललं. त्या फोनना मी उत्तरं द्यायची, त्यामुळे माझं डोकं फिरलेलं होतं.

एका रविवारी मी आईकडं बसून मोबाईलवर त्याचा नवा बायोडाटा केला. वर गणपती, शेजारी फोटो, उंची, रास, मामाचं कूळ. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात मी नऊ लाख लिहिले.

भाऊ खांद्यावरून बघत होता. "ताई, नऊ? मी काय कलेक्टर आहे का?"

"गप बस. सगळे टाकतात. समोरचे अर्धं करूनच वाचतात."

"मग अर्धं तरी कुठं आहे माझं?"

"तू गप बस म्हटलं ना!"

आई कणीक मळत होती. तिनं विचारलं, "काय लिव्हलं गं?" मी म्हटलं, पगार लिहिला. ती म्हणाली, "बरं." चौथी शिकलेली आहे ती, सावकाश का होईना वाचता येतं तिला, पण तिनं मोबाईल मागितला नाही आणि मीही दाखवला नाही.

मग मी त्याच्या पंधरा-वीस प्रती काढल्या आणि ओळखीच्या सगळ्यांना वाटल्या. आपल्याकडे असंच करतात. दूधवाल्यालाही बायोडाटा देतात, कुणाच्या पाहण्यात कधी काय असेल सांगता येत नाही. ट्रस्टचे व्यवस्थापक काका तर हक्काचे. दर महिन्याला भाड्याची पावती तेच फाडायचे, आम्हाला चड्डीत असल्यापासून ओळखायचे. इमारतीतली दोन लग्नं त्यांनी जुळवली होती. मी त्यांच्या टेबलावर प्रत ठेवली आणि म्हटलं, "काका, एखादी मुलगी असेल तर बघा ना."

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "अरे वा! नऊ लाख?"

आणि मी, देव मला क्षमा करो, म्हणाले, "हो ना काका. देवाच्या दयेनं चाललंय चांगलं."

स्थळ आलं ते घोडेगावचं, काकांकडून नाही, दुसऱ्याच ओळखीतून. मुलीचे वडील जनावरांचे व्यापारी. दर शुक्रवारी बाजारात उभा राहणारा माणूस. पांढरी टोपी, मोठा आवाज. त्यांनी आमची एक खोली दोन मिनिटांत डोळ्यांखालून घातली, आईच्या हातचं पिठलं खाल्लं आणि म्हणाले, "जागा ल्हान हाय, पन मानसं सोच्छ हायत." मुलगी नर्सिंग शिकलेली, बोलायला मोकळी. भावाला ती इतकी आवडली की तो चार दिवस शिट्टी वाजवत फिरत होता. सुपारी फुटली. आईनं पहिल्यांदा स्वतःसाठी साडी घ्यायला हो म्हटलं.

त्याच सुमारास ट्रस्टवरची जुनी माणसं जाऊन त्यांची मुलं आली. जुन्या शहरातल्या जागेला आता भलताच भाव आलेला. त्यांना इमारत रिकामी हवी होती, आणि रिकामी करायचा सोपा रस्ता ट्रस्टच्याच कागदात लिहिलेला होता, उत्पन्नाची हद्द. त्यांनी काकांकडं खोलीवार फायली मागितल्या. तेवीस फायलींत दाखले होते. आमच्या फाईलीत दाखला होता आणि बायोडाटा होता.

नोटीस आली त्या दिवशी मी नोकरी करते त्या शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून थेट ट्रस्टच्या ऑफिसात गेले. "काका, तुम्ही? तुम्ही असं करावं?" माझा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता.

काका बसायला सांगत राहिले. मी बसले नाही. शेवटी ते म्हणाले, "बाळ, तू कागद दिलास, मी फाईलला लावला. मला खरंच वाटलं. तूच म्हणालीस ना, देवाच्या दयेनं चाललंय?"

"अहो, लग्नाच्या बायोडाटात कुणी खरं लिहितं का?"

"आणि दाखल्यात?" ते हळूच म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "तुझ्या वडिलांनी खोली मागितली तेव्हा एकही रिकामी नव्हती. मग एक जण आपणहून आला. मुलाला नोकरी लागली, आता आमची खोली दुसऱ्या गरजवंताला द्या म्हणाला. ती तुमची खोली. मला वाटलं, तुमचंही तसं झालं असेल."

मी निघून आले. उत्तर होतं, पण ते माझ्याच अंगावर येणार होतं. काकांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता येत नाही.

आम्ही खोली सोडली नाही, ट्रस्टनं दावा लावला. आमच्या वकील एक तरुण बाई होत्या, हुशार आणि घाईत असलेल्या. त्यांनी आईला दोन वाक्यं शिकवली. "बायोडाटातला आकडा लग्नासाठी फुगवलेला आहे. आमचं उत्पन्न सरकारी दाखल्यात आहे तेच." पुढं म्हणाल्या, "आजी, याच्यावर एक शब्द बोलायचा नाही. विचारलं तर हेच पुन्हा. बायोडाटा काही सरकारी कागद नाही, दाखला आहे. आपण जिंकतो."

आईनं विचारलं, "आन पोराच्या सासऱ्याला कळंल त्येचं?"

वकील बाई म्हणाल्या, "त्यांना कोण सांगायला जातंय?"

कोण कशाला सांगेल, तेच आले. तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या आवारात पांढरी टोपी दिसली. ते भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "केस हाय म्हनून कळलं. सोयरीक झालीय, आता तुमाला एकटं कसं सोडायचं?" असा माणूस. त्यांना घरी पाठवायला काही कारण सुचेना. ते आत येऊन मागच्या बाकावर बसले, त्यांच्या शेजारी भाऊ, भावाशेजारी मी.

आई पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा डोक्यावरचा पदर तिनं दोनदा सारखा केला. शपथ झाली. ट्रस्टचे वकील वयस्क होते, आवाज चढवून बोलणारे नव्हते. त्यांनी आधी दाखला दाखवला. ही सही तुमची? व्हय. मग बायोडाटा दाखवला. हा फोटो तुमच्या मुलाचा? व्हय. हा कागद तुमच्या घरातून ट्रस्टच्या ऑफिसात आला? व्हय.

"कुणी लिहिला?"



"म्याच लिव्हाया लावला," आई म्हणाली.

माझी आई त्या पिंजऱ्यात एक खोटं बोलली असेल तर ते हे एवढंच. मी उठून उभी राहिले नाही. मी उभं राहायला हवं होतं.

वकिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "ह्याच्यात दोन लाख. ह्याच्यात नऊ लाख. मग आता शपथेवर सांगा, तुमचा मुलगा दोन लाखांचा की नऊ लाखांचा?"

आमच्या वकील बाई हरकत घ्यायला अर्ध्या उठल्या होत्या. त्यांच्याआधी आई बोलली.

"दोनी खोटं हाय."

टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. न्यायाधीश पुढं झुकले. ते म्हणाले, "बाई, नीट विचार करून बोला. तुमच्या प्रतिज्ञापत्रात तुम्ही दाखल्यातलं उत्पन्न खरं म्हटलंय."

"म्हटलंय, साहेब. चुकलं माजं." आईनं एकदा आमच्या बाकाकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि मग सरळ समोर बघून सांगायला लागली. किराणा दुकानात यादी सांगावी तशी, सावकाश. "पोराच्या हातात महिन्याला तेवीस हजार येत्यात. कंत्राटदार देतो. सुट्टी पडली तर कमी येत्यात, पन तेवीस धरा. माझं तीन घरच्या पोळ्यांचं चार हजार. गावाकडची जमीन पडीक हाय, तिचं काय न्हाई. दिवाळीला कंत्राटदार मिठाईचा डबा देतो एक. त्यो धरायचा का न्हाई ते तुमी सांगा."

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी कागदावर काहीतरी मांडलं आणि वाचून दाखवलं, वर्षाचे तीन लाख चोवीस हजार. आई म्हणाली, "तेवढंच आसंल. आमी कवा एकत्र मांडलं न्हवतं."

खरंच मांडलं नव्हतं. आमच्या घरात तो आकडा त्या दिवसापर्यंत कुणीच कधी मोठ्यानं म्हटला नव्हता. ट्रस्टच्या हद्दीच्या वर चोवीस हजार. ट्रस्टचे वकील काही न विचारता खाली बसले. आमच्या वकील बाईंनी फाईल मिटली. आणि भाऊ, माझ्या शेजारी बसलेला माझा भाऊ, पायांतल्या चपलांकडं बघत होता, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाहेर आल्यावर घोडेगावचे पाहुणे थांबले नाहीत. जनावराला चारा टाकायचा राहिलाय म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "ताई, वाईट वाटून घिऊ नका. आमी बाजारातली मानसं. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवनारी. सांगायचा भाव येगळा आन द्यायचा येगळा, ह्ये आमाला कळतं. नऊचं आमी निम्मंच धरलं हुतं. निम्म्यातूनबी कमी निघालं. आन त्येबी चालवून घेतलं आसतं, पन आता खोलीबी जानार. पोरगी कुठं निऊन ठिवायची, सांगा." ते पुढं म्हणाले, "तुमची आई लई खरी हाय." आणि फोन ठेवला.

भावानं हे ऐकून घेतलं आणि शर्ट घालून दुपारच्या पाळीला निघून गेला. त्यानंतर तो आईशी बोलेना. ताट वाढलं की जेवायचा, ताट घासायचा, झोपायचा. मला म्हणाला, "ताई, तिनं भर कोर्टात माझी किंमत सांगितली."

मला आईचा राग आला होता. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या ऐवजी रागच आला. मी तिच्या खोलीत जाऊन तिला नाही नाही ते बोलले. "दोन वाक्यं होती! दोन! पाठ केलेली! खोली गेली, सोयरीक गेली, काम जाईल. काय मिळालं तुला? कुणी आरती ओवाळली का तुझी?"

ती लाटत होती. लाटणं थांबवलं नाही तिनं. "खोटं लिव्हल्याचं मला काय न्हाई गं. म्याबी सह्या केल्याच की इतकी वरसं. पन त्या वकिलानं इचारलं, तुमचा मुलगा दोनाचा का नवाचा. दोन म्हनलं आसतं तर व्याह्यापुढं त्येची मान गेली आसती. नऊ म्हनलं आसतं तर छप्पर गेलं आसतं. आन पोरगं म्होरं बसल्यालं." तिनं पोळी तव्यावर टाकली. "बारा-बारा घंटे उभा ऱ्हातो त्यो त्या मशीनीपाशी. एका कागदावर त्येला चिमूटभर केला, एका कागदावर त्येला डोंगर केला. जेवढा हाय तेवढा कुनी एकदा तरी म्हनावं का न्हाई?"

मला अजूनही वाटतं की तिनं ती दोन वाक्यं बोलायला हवी होती. अजूनही. पण ती चुकली असं मला म्हणता येत नाही.

निकाल आमच्याविरुद्ध लागला. आईच्या वयाकडं बघून खोली सोडायला चार महिने दिले. अपील करू, असं वकील बाई म्हणाल्या, आई म्हणाली, "कशावर?" इमारतीतले लोक येऊन हळहळून गेले. वरच्या एसीवाल्या काकू आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, कशाला हो खरं बोलायला गेलात?" त्यांचा दाखला त्या एप्रिलमध्येही व्यवस्थित गेला. तेवीस खोल्या अजून तिथंच आहेत. ट्रस्ट आता त्यांच्याही मागं लागलाय म्हणतात, त्यांचं काय होईल कुणास ठाऊक.

आज आई माझ्याकडं आहे, हॉलमध्ये दिवाणावर झोपते, आणि सासूबाईंसमोर जरा जास्तच कामं करते. भाऊ एमआयडीसीजवळ चौघांत एका खोलीत कॉट घेऊन राहतो. असं व्हावं म्हणून आम्ही निघालो नव्हतो. चार महिन्यांत आम्ही नगरमध्ये किती घरं पाहिली असतील! स्वस्त होती ती लांब, तिथून आईचं एकही काम जमलं नसतं आणि पाण्याला टँकर. जुन्या शहरातली होती त्यांचं डिपॉझिटच आम्हाला झेपणारं नव्हतं. शेवटचं पाहिलं ते सावेडीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावरचं. एक खोली, स्वयंपाकघर, गॅलरी. मी मनात आईला त्या गॅलरीत वाळवणं घालताना बघूनही टाकलं.

मालक निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला. भाडं नऊ हजार, पाणी-सफाई वेगळी. मग मालकांनी अगदी सहज विचारलं, "मुलगा काय करतो? पगार किती आहे?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. पस्तीस. रिक्षातच ठरवून ठेवलं होतं मी. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी भाऊ बोलला.

"हातात तेवीस हजार येतात. कंत्राटी आहे. आईचे पोळ्यांचे चार येतात, पण इथं आल्यावर ती कामं राहणार नाहीत."

आईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. पाच महिन्यांत त्यानं तिच्यासमोर बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

मालकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "राग मानू नका," ते म्हणाले, "माणसं चांगली दिसता तुम्ही. पण एवढ्यात हे भाडं तुम्हाला झेपायचं नाही. दोन महिन्यांनी मलाच तुमच्या दारात येऊन उभं राहावं लागेल. ते मला नको आणि तुम्हालाही नको."

आई चिडली नाही. तिनं खरोखर माहिती विचारावी तसं त्यांना विचारलं, "तिथं लई हाय म्हनून काढलं. हितं कमी हाय म्हनून न्हाई. मग आमच्याएवढ्या मानसानं ऱ्हायाचं कुठं वो, साहेब?"

त्यांनी बायकोकडं पाहिलं. बायको म्हणाली, "चहा घ्या, निवतोय."

आईनं चहा संपवला, कप उचलून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेऊन दिला. जिना उतरताना तिचे गुडघे धरले, तेव्हा भाऊ दोन पायऱ्या परत वर आला आणि त्यानं तिचा दंड धरला. "बरोबर सांगितलंस," ती त्याला म्हणाली. तो हो म्हणाला. खाली रस्त्यावर येऊन आम्ही तिघं उभे राहिलो. खोली सोडायला आठ दिवस उरले होते, आणि यादीतलं हे शेवटचं घर होतं.